कुल्पांच्या पट्ट्यावरची उकळी

नाही, चष्मा नको मला — आणि वाचूनही दाखवू नका. चौथीपर्यंत शिकलेय मी, मिस्टर प्रेंटिस, बोट ठेवून वाचते, ओठ हलवून वाचते, पण वाचते. द्या इकडे ते कागद. हात ओले आहेत तर आहेत, माशाचा वास लागला तर लागू दे, गावाचं पुस्तक आहे ना, मग त्याला गावाचा वास नको? तुम्ही आलात बटणांच्या कारखान्याचे फोटो मागायला. फोटो नाहीत. होते तेवढे पुरात गेले, ज्या पुराबद्दल तुम्ही लिहिलंय त्याच पुरात. तेव्हा पुराचं पान काढा. आहे ना? असणारच. काल तुम्ही मार्विन स्ट्रोबेलच्या व्हरांड्यात चार तास बसला होता, त्याच्या बायकोनं तुम्हाला दोनदा ॲपल पाय वाढला — तिला दुसरा येत नाही — हे सगळ्या गावाला माहीत आहे. चारशे माणसांचं गाव. म्हणजे त्या पानावर काय असणार तेही मला माहीत आहे. बसा. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं. कॉफी तिथे आहे, ओतून घ्या, मी हे मासे सोलते तोवर. गिऱ्हाईक नाही दुपारचं, कुणी येत नाही आपल्याला ऐकायला.

हे काय, हे पहिलं पान. ‘कॅप्टन लेम्युएल हॉस्किन्स यांनी नदीच्या या रम्य वळणावर वसाहत स्थापन केली.’ रम्य! अहो, बोट रुतली त्याची वाळूत. प्यायला होता आणि बोट रुतली. तीन आठवडे वाट पाहिली पाणी चढायची, नाही चढलं, तेव्हा बोटीच्याच फळ्या काढून दारूचा गुत्ता घातला आणि त्याला नाव दिलं हॉस्किन्स लँडिंग. माझ्या आजोबांना त्याच्या धाकट्या मुलीनं स्वतः सांगितलेलं, हसत हसत. लिहा की ते! सव्वाशे वर्षं झाली, आता कुणाची अब्रू जाते? … नाही, मला माहीत आहे, तुमच्या पुस्तकाच्या समितीला नाही आवडायचं. समितीला फक्त एकाच माणसाची अब्रू घ्यायची आहे, तो मेलेला आहे आणि त्याचं नाव हॉस्किन्स नाही.

थांबा, येते मी त्या पानावर. मधलं बरं लिहिलंय तुम्ही. वरच्या जंगलातले ओंडके, त्यांचे तराफे, चिरायच्या गिरण्या — हो, असं होतं म्हणे. जंगल संपलं, गिरण्या गेल्या. मग शिंपले. शिंपल्यांचं तुम्ही असं लिहिलंय जसं काही सगळे मोती वेचत होते. मी सांगते कसं होतं. बोटीमागे काठीला आकडे बांधून नदीच्या तळाशी ओढायचे, शिंपला बिचारा उघडा पडलेला, आकडा आत गेला की मिटून घेतो आणि मग सोडत नाही, वर ओढून बाहेर काढला तरी सोडत नाही. तसलंच हे गाव. मग ते ढीगच्या ढीग उकळायचे, मांस डुकरांना, आणि वास असा की मैलभर अंतरावरची घोडी नाक फिरवायची. शिंपले भिजवून त्यातून गोल चकत्या कापायच्या, बटणाला. माझ्या बापाच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं होती. माझी आई चकत्या निवडायची, आणि मी बटणं पुठ्ठ्यावर शिवायची, नवव्या वर्षापासून घरी, पुठ्ठ्यावर एक डझन, दोन दोन टाके — म्हणून चौथी. लिहा ते, वाटलं तर. अर्ध्या अमेरिकेच्या शर्टांवर आमची बटणं होती आणि माझ्या झग्याला पाठीमागे सेफ्टी पिन होती.

आता? आता बघा ना, ती बघा — खिडकीतून बघा. पंधरा पडावांची माळ, मक्यानं भरलेली, ढकलत निघाली आहे बोट खाली. थांबली कधी? भोंगा तरी वाजवला? पूर्वी वाजवायचे. नदीकाठचं गाव म्हणतात याला. नदी आम्हाला विचारत नाही, आम्ही आपले काठावर बसलोय.

हं. हे ते. ‘त्या एप्रिलात मुख्य बांध कुल्प यांच्या पट्ट्यावर फुटला. चौकशीअंती असे दिसले, की पहाऱ्यावरील क्लेटन कुल्प यांनी जमिनीतून आलेली उकळी, सर्व नियम माहीत असूनही, बुजवली होती. बटणांचा कारखाना पुन्हा उघडला नाही आणि गाव पूर्वीसारखे राहिले नाही.’

संपलं? एवढंच? रम्य वळणाला आख्खं पान आणि माझ्या नवऱ्याला तीन वाक्यं. … नाही, मी शांत आहे. ही सुरी माशासाठी आहे, घाबरू नका. शांतच आहे मी. हे शनिवारी छापायला जाणार, बरोबर? आणि शाळेत वाटणार, प्रत्येक पोराला एक, फुकट, स्ट्रोबेलच्या खर्चानं. म्हणजे पन्नास वर्षांनी क्लेटन कुल्प म्हणजे कोण? ज्यानं गाव बुडवलं तो. मला हे वाक्य नकोय, मिस्टर प्रेंटिस. दुसरं काही मागत नाही. माझा फोटो घालू नका, माझं नाव घालू नका, हॉस्किन्सला देवदूत करा, मला काही नाही. हे एक वाक्य काढा. ‘बांध फुटला’ — एवढं पुरे. बांध फुटतात. नदी आहे.

‘नोंदीत आहे.’ नोंद कुणी केली? स्ट्रोबेलनं! बांध समितीचा मुख्य कोण होता? स्ट्रोबेल! तुम्हाला इथली रीत सांगितली का त्यानं? नाही सांगितली. सांगते. बांध सव्वा मैल लांब, त्याचे एकतीस पट्टे, एकतीस घरांना एकेक. पट्ट्यावर खुंटी, खुंटीवर घराण्याचं नाव, दर वसंतात नवा रंग. बापाकडून मुलाला. मुलीला नाही — मुलगी असेल तर जावयाला. आमचा पट्टा माझ्या बापाचा, पण खुंटीवर नाव कुल्प, कळलं? धक्क्यावरच्या मोजपट्टीवर पाणी सोळा फुटांवर गेलं की भोंगा, आणि मग पुरुष आपापल्या पट्ट्यावर चालत राहायचे, बांधाच्या आतल्या पायथ्यानं, हळूहळू, पायानं जमीन चाचपत. कुठे मऊ लागते, कुठे ओल आहे, कुठे घुशींनी भोक पाडलंय. बायकांनी वाळूची पोती भरायची. भरायची फक्त. रचायची पुरुषांनी. मी क्लेटनपेक्षा जास्त वजन उचलायची, कारखान्यात शिंपल्यांची घमेली उचलून खांदे असे झाले होते माझे, पण मी बांधावर पोतं ठेवलं तर बांधाला जसा काही विटाळ होणार होता. दर मार्चात आगीच्या बंबाच्या शेडमध्ये सभा व्हायची बांधाची. दार लावून. आम्ही बाहेर थंडीत हॅमचे सँडविच घेऊन उभ्या, आतून हाक आली की द्यायचे. तेव्हा आत काय बोलायचे, काय शिकवायचे, कुणाला ठाऊक? उकळी म्हणजे काय, तिचं काय करायचं, हे मला — बायकांना — कुणी कधी सांगितलं नाही. हे लिहा.

उकळी म्हणजे तुम्हाला काय वाटलं? गरम पाणी? नाही हो. नदी चढली की बांधाच्या खालून वाट शोधते आणि आत गावाच्या बाजूला वर येते, कुणाच्या कोबीच्या वाफ्यात, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात, बुडबुडत, वाळू घेऊन. उकळल्यासारखं दिसतं, म्हणून उकळी. तिच्याभोवती पोत्यांचं आळं घालायचं, झाडाला घालतात तसं, पण कमरेएवढं, आणि आत पाणी चढू द्यायचं. चढलेल्या पाण्याचं वजन उकळीवर पडतं, मग ती मंदावते, गढूळ यायचं पाणी निवळ यायला लागतं. निवळ पाणी वाहू द्यायचं. ते भिववतं दिसायला, पण त्यानं काही होत नाही. फक्त तिचं तोंड बुजवायचं नाही. बुजवलं की पाणी आतल्या आत तुंबतं, दुसरीकडून निघतं, आणि निघताना बांधाच्या पोटाखालची माती घेऊन निघतं. झालं. एवढंच शास्त्र आहे. क्लेटननं वीस वर्षांत चौदा उकळ्यांना आळी घातली होती, लोक त्याला दुसऱ्यांच्या पट्ट्यावर बोलावून न्यायचे, ‘क्लेट, जरा बघ रे, हिचं पाणी कसं दिसतंय,’ आणि तो ओंजळीत घेऊन उजेडाकडे धरायचा. तो माणूस उकळी बुजवेल? विचारलं का एकानं? नाही. त्यांनी काय ठरवलं — ज्या अर्थी क्लेटन अशी चूक करूच शकत नाही, त्या अर्थी तो प्यायलेला असणार. मेथडिस्ट होता तो! घरात औषधाला दारू नव्हती. मग म्हणाले, झोपला असेल, जागा झाला, घाबरला, बुजवली. हे जास्त आवडलं लोकांना. हेच राहिलं.

झोपला होता! झोपणारच की! बारा तासांनी बदली माणूस पाठवायचा, हा नियम होता समितीचा. छप्पन्न तास माझा नवरा पायांवर होता, मिस्टर प्रेंटिस. छप्पन्न. दोनदा मी स्वतः स्ट्रोबेलकडे गेले, धान्याच्या कोठाराजवळ उभा होता तो, त्याच्या पट्ट्यावर, सात माणसं होती तिथे, सात, कारण कोठारात कुणाचा मका होता? मी म्हटलं, मार्विन, एक माणूस दे, त्याला चालताना झोप लागतेय. तो म्हणाला, ‘बर्निस, तू सँडविचचं बघ.’ हे आहे का नोंदीत? तर लिहा, बांध फोडला मार्विन स्ट्रोबेलनं! बांधावर घालायच्या मातीचे पैसे वाचवले, घुशींची भोकं तशीच ठेवली, माणूस दिला नाही. आणि वर खोटं बोलतो — तुम्हालाही सांगितलं असेल त्यानं, वीस पोती कोंबली होती म्हणून? सांगितलं ना? वीस! तेव्हापासून वीस सांगत हिंडतोय. नऊ होती. मागच्या दाराशी नऊच उरली होती, त्यातलं एक फाटकं, ते तर मला फरफटत न्यावं लागलं, आणि वर कपडे उकळायच्या हंड्याचं झाकण, तांब्याचं, त्यावर उभं राहिलं तेव्हा कुठे पाणी —

…

काय? लिहा ना. पेन का थांबलं?

…

नाही, मी असं म्हटलं नाही. मी म्हटलं, न्यावं लागलं. कुणालाही न्यावं लागलं असतं. …

बघा, मासा कसा सोलतात माहीत आहे? डोक्यात खिळा मारायचा, फळीला ठोकायचा, मानेभोवती चिरायचं, आणि पकडीनं कातडी धरून खाली ओढायची, एका झटक्यात. हळूहळू ओढली की फाटते. …

बरं. ऐका मग. पेन ठेवा खाली. आधी ऐका.

उकळी आमच्याच अंगणात आली होती. घर बांधाला लागून, बापाचंच घर, तळघराच्या दारापासून सात-आठ पावलांवर. सकाळी आली. क्लेटननं आळं घातलं, एकट्यानं, सुरेख, गोल, कमरेएवढं, आणि एका बाजूनं पाणी वाहून जायला तोंड ठेवलं. ओंजळीत घेऊन बघितलं. निवळ होतं. मग त्याला उभं राहवेना. मी म्हटलं, जा आत, पड दोन तास, मी बघते. बदली माणूस आलेलाच नव्हता, मग मी होते. बायकांची पाळी नसते, पण मी होते. तो आत गेला, पलंगावर आडवा पडला, बूट तेवढे दारात काढले होते. अकरा वाजले असतील, लख्ख ऊन, आकाश असं निळं की चीड यावी. एवढा पूर आणि वर एक ढग नाही. पाणी इथलं नव्हतंच, वरच्या राज्यांतलं बर्फ वितळलं होतं ते. आणि ते आळ्यातलं पाणी वाहतंय, वाहतंय, आणि जातंय कुठे? माझ्या तळघराच्या दाराकडे. दाराच्या फटीतून आत. तळघरात दोनशे बरण्या होत्या माझ्या, टोमॅटो, पीच, वाल, मी स्वतः ऑगस्टच्या उकाड्यात भरलेल्या, आणि त्याच वर्षी घेतलेलं धुण्याचं यंत्र — ते तळघरात, कारण वर जागा नव्हती. मी पायरीवर बसून बघत होते. पहिली पायरी गेली. दुसरी गेली. मी म्हटलं, हे काय आहे? बांध कशाला बांधलाय? नदी बाहेर ठेवायला ना? आणि आम्ही आळं घालून तिला बसायला पाट देतोय? तिसरी पायरी गेली तेव्हा मी उठले.

नऊ पोती. एकेक छातीशी धरून नेलं. आळ्यात उतरले, पाणी मांडीपर्यंत, बर्फाचं गार, पायाखाली ती उकळी — पायाच्या तळव्याला धक्के देत होती, जिवंत काही असावं तशी. मी पोतं टाकलं तिच्यावर. दुसरं टाकलं. सगळी टाकली, झाकण घातलं, झाकणावर उभी राहिले. आणि थांबली! हो, थांबली ती! मला अजून आठवतं मिस्टर प्रेंटिस, मला किती — मी सांगू नये, पण मला किती आनंद झाला. वीस वर्षं हे पुरुष दार लावून सभा घेत होते, ओंजळीत पाणी धरून विद्वानासारखी तोंडं करत होते, आणि मी नऊ पोत्यांत थांबवली. मला वाटलं, उठला की दाखवीन. घरात डोकावले, तो तोंड उघडं टाकून झोपलेला. उठवलं नाही. चर्चच्या स्वयंपाकघरात पाव भाजायची माझी पाळी होती, टेकडीवर. गेले. गाणं म्हणत गेले, देवाशपथ.

पावणेतीनला भोंगा झाला. कोंबड्यांच्या खुराड्याखालून निघाली ती, माझ्या झाकणापासून तीस-चाळीस हातांवर, आणि बांध असा खाली बसला जसा थकलेला बैल बसतो, पुढचे पाय आधी. क्लेटननं बघितलं, त्यानंच धावत जाऊन भोंगा ओढला, अनवाणी. कुणी मेलं नाही. हे कुठे आहे तुमच्या पानावर? एक माणूस मेलं नाही या गावात, कारण तो अनवाणी पाऊण मैल धावला. कारखान्यात पाणी मात्र आठ फूट. मालक पूर्वेकडे राहायचा, त्यानं विम्याचे पैसे घेतले आणि इकडे तोंड दाखवलं नाही. प्लास्टिकच्या बटणांनी कारखाना तसाही दोन वर्षांत मेला असता, सगळ्यांना ठाऊक होतं ते, पण प्लास्टिकवर थुंकता येत नाही ना. माणसावर येतं.

एकोणीस दिवसांनी पाणी उतरलं. सगळे जमले भगदाडापाशी, स्ट्रोबेल, सरकारी इंजिनियर, एकतीसच्या एकतीस घरची माणसं, आणि चिखलात ते दिसलं. पोती आणि झाकण. स्ट्रोबेल म्हणाला, ‘हे कुणी केलं?’ मी तोंड उघडलं होतं. तुम्ही विश्वास ठेवा, ठेवू नका, मी उघडलं होतं, आवाज घशापर्यंत आला होता. आणि क्लेटन म्हणाला, ‘मी.’

बस. ‘मी.’ माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी तोंड मिटलं.

चौदा वर्षं मिटलेलं आहे. त्याच दिवशी खुंटी उपटली त्याची. पट्टा दुसऱ्याला. न्हावी त्याचे केस कापायचा, पण बोलायचा नाही, आरशात कात्रीचा आवाज तेवढा. गावात काम कुणी देईना, वीस मैलांवर डुकरांच्या फार्मवर जायचा. आणि मी? मी काय केलं सांगू? दुकानात बायका म्हणायच्या, ‘बर्निस, तुझी काय चूक गं, झोपाळू नवरा पदरी पडला,’ आणि मी म्हणायची — मी म्हणायची, ‘पुरुषांचं काय सांगावं बाई.’ या तोंडानं म्हणायची. पिठाची पिशवी उचलायची आणि घरी यायची.

आणि तुम्ही असं तोंड करू नका, की काय थोर माणूस. थोर! तुम्हाला काय माहीत थोर माणसाबरोबर राहणं! एक शब्द बोलला नाही कधी. शिवी नाही, हात नाही, ‘का केलंस’ नाही. मारलं असतं तर मी उलटून मारलं असतं, मग झालं असतं काहीतरी. एकदा विचारलं मी, चार वर्षांनी, जेवताना, सगळा धीर गोळा करून — क्लेट, का म्हणालास मी म्हणून? तर म्हणाला, ‘मीठ दे.’ मी मीठ दिलं. त्यानं माझं खरं हिसकावून घेतलं आणि स्वतःच्या खिशात ठेवलं, आणि रोज माझ्यासमोर जेवायला बसायचा ते घेऊन. माझ्या आयुष्यात एकच मोठी गोष्ट केली मी, चुकीची केली, पण मी केली, आणि तीही खुंटीसारखी त्याच्या नावावर.

गेल्या फेब्रुवारीत गेला. पेटी उचलायला सहा माणसं लागतात. चार आली. दोन पुरणाऱ्याची, पगारी, एक पाद्री, आणि एक डुकरांच्या गाडीचा ड्रायव्हर, तो रडत होता. बाकीच्या दोन जागा कुणी धरल्या? मी धरली एक. या खांद्यांनी. दुसरी रिकामी होती, पेटी तिकडे कललेली. स्ट्रोबेलनं फुलं पाठवली, बांध समितीतर्फे. मी ती नदीत टाकली.

तेव्हा — काय करणार आता? वाक्य काढणार? … नाही? मग? … काय, ‘खरं लिहावं लागेल’? बघा बघा, आता खरं आठवलं. रम्य वळण लिहिताना आठवलं नव्हतं.

…

उद्यापासून इथे कोण येईल मासे खायला? तसं आजही कोण येतं? ट्रकवाले, आणि स्ट्रोबेलची सून शुक्रवारी. ती नाही येणार. आणि दुकानात त्या बायका माझ्या तोंडावर काय म्हणतील? काही म्हणणार नाहीत. न्हाव्यासारखं. मी त्रेपन्न वर्षांची आहे, माझ्या आईला एक्याण्णव वर्षं मरण आलं नाही. अजून अडतीस वर्षं कात्रीचा आवाज.

घे. पेन घे. घे म्हणते ना, तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, मुलगा असता तर, अहो-जाहो खूप झालं. ती तीन वाक्यं खोड आणि लिही. ‘क्लेटन कुल्प यांनी उकळीला आळं घातलं होतं.’ लिही. ‘ते बरोबर घातलं होतं.’ लिही हे, गाळू नकोस. ‘छप्पन्न तासांनंतर ते झोपले असताना’ — हो, बदली माणूस दिला नाही तेही घाल, स्ट्रोबेलला वाचू दे — ‘त्यांच्या पत्नी बर्निस कुल्प यांनी ती बुजवली.’ नाव नीट लिही. पुढे, ‘क्लेटन कुल्प यांनी भोंगा ओढला, म्हणून कुणी मेलं नाही.’ झालं? एवढं पुरे. कुणाला वाईट वाटलं, कुणी माफ केलं, ते काही नको.

वाच आता. मोठ्यानं. …

… थांब. ते मधलं परत वाच. … ‘अजाणता’? ‘बर्निस कुल्प यांनी अजाणता ती बुजवली’ — हे कुठून आलं? मी सांगितलं तुला? … हो, म्हटलं मी, बायकांना कुणी सांगत नाही म्हटलं. सांगत नाहीतच. बाकीच्या तीस घरांतल्या बायकांना नाही सांगितलं कुणी. …

खोड तो शब्द.

अरे खोड म्हणते ना! त्यानं सांगितलं होतं मला. बूट काढून, दाराची चौकट धरून उभा होता, उभ्या उभ्या डोळे मिटत होते, तरी सांगत होता — ‘वाहू दे तिला, बर्निस. हात लावू नकोस. बुजवलीस तर बांध जाईल. तळघर भरलं तर भरू दे.’ दोनदा सांगितलं. मी म्हटलं, बरं, बरं, झोप तू. ऐकू आलं होतं मला. सगळं ऐकू आलं होतं, कळलं होतं, आणि मला वाटलं, याला काय कळतंय.

खोडलंस? दाखव. … असं नाही, अक्षर दिसतंय अजून खालून. पूर्ण खोड.

हं. आता ऊठ. जा.